थंडीतला आंबा

थंडी पडली हे मला घरात कळत नाही, कारखान्याच्या गेटवर कळतं. सुरगाण्याकडून स्ट्रॉबेरीच्या गाड्या यायला लागतात. पहाटे खुडलेलं फळ, अजून दवाने ओलं, आणि क्रेटच्या कडांना लाल डाग. कापणीच्या हॉलमधल्या बायका स्वेटरवरून पांढरा कोट चढवतात, त्यामुळे सगळ्याजणी एका रात्रीत जाड झालेल्या दिसतात आणि त्यावरून दिवसभर एकमेकींना चिडवत राहतात. मी तिथे गुणवत्ता तपासणीला आहे. फळ कापायचं, गोठवायचं, आणि कोणीतरी कुठेतरी काही महिन्यांनी पिशवी उघडेल तेव्हा ते फळासारखं लागलं पाहिजे, लगद्यासारखं नाही, एवढं आमचं काम. निम्मं आयुष्य यात गेलं माझं. लोक विचारतात काय करता, तर मी सांगते, फळांना थांबवून ठेवते.

यंदाही गाड्या आल्या. त्या दिवशी कंपनीच्या बसने परत येताना द्वारका चौकात नेहमीसारखी अडकले, खिडकीच्या काचेला डोकं टेकलं, काच गार लागली, आणि मागची थंडी आठवली. नाशिक रोडला घरी पोचले तर हॉलमध्ये डीप फ्रीजर तसाच उभा. बंद. आत वास धरू नये म्हणून झाकणाच्या फटीत फडक्याची घडी घातलेली. त्याच्यावर नवऱ्याने वर्तमानपत्रांची रद्दी रचायला सुरुवात केली आहे. मी म्हटलं, हा विकून टाकू या का आता? तो म्हणाला, "राहू दे." तो सगळ्याच गोष्टींना राहू दे म्हणतो. त्याच्या या राहू देमुळेच तर हा फ्रीजर घरात आला. मला लिहायचंय ते मागच्या थंडीबद्दल. तेव्हा सासूबाई होत्या. नंतर वैशाखात त्या गेल्या.

फळ म्हणजे पाणी असतं, हे आधी सांगितलं पाहिजे. आंब्याची पातळ चकती सूक्ष्मदर्शकाखाली धरली तर बारीक बारीक पिशव्या दिसतात, एकमेकींना चिकटून बसलेल्या, प्रत्येकीत रस. त्या पिशव्यांच्या भिंती शाबूत आहेत तोवर फोड दाताखाली फोडीसारखी लागते. फळ हळूहळू गोठलं की आतल्या पाण्याच्या बर्फाचे कण मोठे होतात, टोकदार होतात आणि भिंती आतून फाडतात. गोठलेलं असताना काही कळत नाही. फोड दगडासारखी घट्ट, रंग तोच, आकार तोच. बाहेर काढली आणि बर्फ वितळून सुटायला लागली की पाणी खाली, चोथा वर. एकदम कडक थंडी दिली तर कण बारीक राहतात आणि भिंती वाचतात. नव्याने लागलेल्या मुलींना मी हे पहिल्या दिवशी सांगते. नुकसान होतं ते गोठताना, दिसतं ते सुटताना. त्या मान डोलावतात आणि डब्यात काय आणलंय ते एकमेकींना विचारतात.

आमच्या घरात जे झालं ते भर उन्हाळ्यात झालं. मे महिना, दुपार, वर पंखा नुसता गरगर फिरतोय. सासूबाईंच्या माहेराहून, दिंडोरीकडून, गावरान आंबे आलेले. बादलीत पाणी घालून त्यात आंबे सोडलेले आणि भोवती आम्ही सगळे फरशीवर बसलेलो. सासूबाई एकेक आंबा उचलायच्या, दोन्ही तळहातांत घोळवून मऊ करायच्या, देठ काढून पहिला चीक पिळून टाकायच्या आणि मगच द्यायच्या. मला पहिला, कारण मी तेव्हा पोटुशी. मग धाकट्याला, दिलीपभाऊजींना. भाऊजींची अंबडमधली कंपनी बंद पडली होती आणि ते घरीच होते. मुलाखती देत होते, येत होते, झोपत होते. जवान माणूस घरी बसला की घरातली हवा जड होते, पण बोलत कोणी नव्हतं. माझा नवरा ड्यूटीवरून उन्हातून आला, शर्ट पाठीला चिकटलेला. भाऊजींनी बादलीत हात घातला, आंबा काढला, तोंडाला लावला आणि म्हणाले, "वहिनी, हा बघा, साखर आहे नुसती."

नवरा दारातच उभा होता. म्हणाला, "बसून खाणाऱ्याला आंबा गोडच लागायचा."

एवढंच. ओरडून नाही, चपला काढता काढता. भाऊजींनी अर्धा चोखलेला आंबा ताटलीत ठेवला. मोरीत जाऊन हात धुतले, कोपरापर्यंत आलेला रस नीट धुतला, टॉवेलला हात पुसले आणि बाहेर गेले. आम्हाला वाटलं, कोपऱ्यावर गेले असतील. ते वापीला गेले, एका मित्राकडे. तिथेच कामाला लागले.

आमच्याकडे माणसाला चार लोकांत मारलं तरी एकवेळ विसरलं जातं. खाणं काढलं की नाही विसरलं जात. नवऱ्याला हे कळत नव्हतं असं नाही. तो त्याच घरात वाढलेला. बोलून गेला आणि मग त्याच्या घशात ते तसंच राहिलं, गिळताही येईना आणि परत घेताही येईना.

त्या संध्याकाळी सासूबाईंनी बादलीतले उरलेले आंबे शेजारीपाजारी देऊन टाकले. ताटली घासली. मग फरशी पुसता पुसता, कोणाकडे न बघता म्हणाल्या, "दिलप्या या घरात, ह्याच जागी बसून आंबा खाईल, तवा मी खाईन. तोवर माझं आंब्याचं सुटलं." आमच्या बायका असं काहीतरी सोडतात. माझ्या आईने भावाच्या ऑपरेशनच्या वेळी चहा सोडला तो सोडलाच. देवाशी एक प्रकारचा हट्ट असतो तो. पण आंबा म्हणजे सासूबाईंचा जीव होता. त्या कोय इतकी चोखायच्या की पांढरी व्हायची, आणि मग ती हातात धरून थोडा वेळ नुसत्या बसायच्या.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी आमच्यासाठी रस काढला, आमच्या लेकीला बोटाने चाटवला, आणि आपले हात साबणाने दोनदा धुतले. मी म्हटलं, "आई, वासाने काय होतं?" त्या म्हणाल्या, "वासानं मन होतं."

बोलणं तुटलेलं होतं असं कोणाला वाटू नये. भाऊजींचा फोन यायचा. त्यांचं लग्न तिकडेच झालं, सासूबाई आणि मी गेलो होतो, पेठच्या घाटातून एसटीने. भाऊजी स्टँडवर घ्यायला आले, पाया पडले. सासूबाई म्हणाल्या, "घरी कवा येतो?" भाऊजी म्हणाले, "दादा बोलावतो का?" घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणे, "मी हाकलला का त्याला? त्याचंच घर आहे. यावं त्याने." दोघंही एकाच आईची पोरं, याला दुसरा पुरावा नको होता. एकाने बोलवायचं आणि दुसऱ्याने यायचं, इतकं सोपं काम होतं, आणि त्यात आमची वर्षंच्या वर्षं गेली.

आंबा गोठवायची कल्पना सासूबाईंचीच. एकदा पापड लाटता लाटता म्हणाल्या, "तुमच्या कारखान्यात आंबा सालभर राहतो म्हणतीस ना?"

"राहतो की."

"मग एक डबा घरी कर. त्यो दिवाळीला आला, संक्रांतीला आला, तर आंबा कुठून आणायचा? आंबा नाय म्हणून माझं राहून जायचं."

मी म्हटलं, कारखान्यातून पिशवीच आणते विकत. त्यांनी लाटणं थांबवलं. "नको. घरच्या विळीवर चिरलेला पाहिजे." म्हणजे नियम त्यांनी मनात ठरवून ठेवलेले होते. मी पण फुशारकीत होते. आम्ही तिकडे टनावारी गोठवतो, एका डब्याचं काय घेऊन बसलात? केशर आणला, फोडी केल्या, स्टीलच्या डब्यात भरून घरच्या फ्रीजच्या वरच्या कप्प्यात ठेवून दिला. त्या वर्षी भाऊजी फोनवर म्हणाले, पाडव्याला बघतो जमलं तर. सासूबाईंनी आदल्या दिवसापासून दार उघडं ठेवलं. भाऊजींना सुट्टी मिळाली नाही. डबा मात्र मी काढून ठेवलेला होता, आणि तो उघडला तेव्हा आत केशरी पाणी आणि त्यात तरंगणारी फाटकी लक्तरं. सासूबाईंनी एक फोड उचलून अंगठ्याने दाबली. ती बोटांतून निघूनच गेली. "गेला ह्यो," त्या म्हणाल्या, आणि आत जाऊन झोपल्या. ते आंब्याबद्दल होतं की मुलाबद्दल, हे मी विचारलं नाही.

मला वाईट वाटलंच, पण खरं सांगायचं तर रागही आला, आणि तो राग बरा ठरला. पुढच्या वैशाखात मी कामाला लागले. विळी धार लावून घेतली, कारण बोथट पात्याने फोड कापली जात नाही, चेंगरते, आणि भिंती तिथेच फुटतात. आंबा पूर्ण पिकलेला घेतला नाही, दाबल्यावर जरा उलट दाब देणारा घेतला. फोडी साखरेच्या पाकात थोडा वेळ ठेवल्या, पाकात लिंबू पिळलं, म्हणजे फोडीतलं थोडं पाणी आधीच बाहेर येतं आणि रंगही काळवंडत नाही. आणि कडक थंडी कुठून आणायची, तर आपण पॉटचं आइस्क्रीम करतो तशी. परातीत बर्फाचा चुरा, त्यात खडेमीठ, वर ताट, ताटात फोडी एकेक सुट्या मांडलेल्या. नवऱ्याला सांगितलं, बर्फ लागेल. तो स्कूटर घेऊन द्वारकेकडे गेला आणि गोणपाटात गुंडाळलेली लादी पायांत धरून आला. पॅन्ट गुडघ्यापासून खाली चिंब. लादी त्यानेच हातोडीने फोडली. इतका बारीक चुरा केला की मी म्हटलं, बास आता, पीठ करता की काय.

फोडी कडकडीत झाल्या की पिशवीत भरायच्या, हवा काढून टाकायची आणि पिशवी डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवायची. पुढच्या मे महिन्यात नवा आंबा आला की जुना डबा उघडायचा, सुटू द्यायचा. सासूबाई त्यातली एक फोड घ्यायच्या, अंगठा आणि बोटात धरून हळूच दाबायच्या. तोंडाला लावायच्या नाहीत. डोळे बारीक करून, एखादं लुगडं पारखावं तसं दाबायच्या, आणि म्हणायच्या, "राहिलाय." किंवा, "जरा ढिला पडलाय गं." मग ती फोड नातीच्या तोंडात. त्यांच्या अंगठ्यासमोर आमच्या कारखान्यातलं घट्टपणा मोजायचं यंत्र काही वेगळं सांगत नसे, हे मी त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, "यंत्राला काय, त्याला कोणाची वाट बघायचीय?"

एका उन्हाळ्यात वीज सारखी जात राहिली. वीज गेली की फ्रीजमधली फोड जरा सैल होते, आली की परत गोठते, आणि या वरखाली होण्यात बारीक कण एकमेकांना मिळून मोठे होतात. मी सहज बोलले जेवताना.  महिन्याच्या सुरुवातीला नवऱ्याने टेम्पोतून हा डीप फ्रीजर उतरवून घेतला. आमच्या दोन खोल्यांच्या घरात ठेवायला जागा नाही, म्हणून हॉलमध्ये, टीव्हीच्या शेजारी. पुढच्या वर्षी इन्व्हर्टर आला. आमच्याकडे पंखे बंद पडायचे, आम्ही घामाने निथळत बसायचो, आणि इन्व्हर्टरवर फक्त फ्रीजर चालू. पाहुणे विचारायचे, आइस्क्रीमचा धंदा काढलाय काय? मी नवऱ्याला म्हटलं, अहो, एवढं करता, त्यापेक्षा एक फोन करा. तो म्हणाला, "बघू." आणि उठून इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालायला गेला.

आम्ही सगळेच त्या डब्यात रमलो होतो, आता कळतं. डबा चांगला आहे ना, मग काळजी नाही. आंबा टिकलाय, म्हणजे वेळ आहे. दरवर्षी माझी फोड आदल्या वर्षीपेक्षा घट्ट राहत होती आणि मी खूश होत होते.

कधीकधी वाटतं, नवरा त्या दुपारी तडकून ओरडला असता, भाऊजींनी दोन उलटी उत्तरं दिली असती, सासूबाईंनी दोघांच्या पाठीत धपाटे घातले असते, तर संध्याकाळी सगळे जेवायला बसले असते. आमच्याकडे तसं झालं नाही. सगळं शांतपणे, सावकाश गोठत गेलं. वरून सगळं नीटनेटकं होतं. सणाला फोन, दिवाळीला फराळाचं पार्सल, कोणाचं काही वाकडं नाही. मी तर रोज हेच काम करते, आणि घरात मला ते दिसलं नाही.

सासूबाईंचं विसरणं असंच सावकाश आलं. आमटीत मीठ दोनदा पडायला लागलं. मला कधी माझ्या नावाने, कधी त्यांच्या बहिणीच्या नावाने हाक. मग आपण नाशिक रोडला आहोत हे भान जायला लागलं. संध्याकाळ झाली की पिशवी भरून म्हणायच्या, "चला, घरी जाऊ, गाया यायची येळ झाली." डॉक्टर म्हणाले, हा आजार असाच असतो, नवं आधी जातं, जुनं मागे राहतं. मी मनात म्हटलं, म्हणजे आंब्याचं राहील. आणि राहिलंच. शेजारच्या काकूंनी एकदा प्रेमाने आमरसाची वाटी पुढे केली, तर ज्या सासूबाईंना काकूंचं नाव आठवत नव्हतं त्यांनी हात मागे ओढून घेतला. "सुटलंय माझं."

मागच्या थंडीत त्या एकदा नवऱ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या आणि मला हळूच म्हणाल्या, "ह्यो माणूस रोज येतो. भला दिसतो. जेवायला वाढ त्याला." नवऱ्याने ते ऐकलं. तो जेवला. भांडं उचलून मोरीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी पहाटे कानाला मफलर गुंडाळून स्टँडवर गेला आणि वापीच्या गाडीत बसला. मला फक्त एवढं म्हणाला, "डब्याचं बघ."

संध्याकाळी त्याचा फोन आला. "सकाळच्या गाडीने निघतोय आम्ही. डबा काढून ठेव." मी विचारलं, काय बोललात? तो म्हणाला, "काय बोलायचंय? ठेव फोन." त्यांच्यात काय बोलणं झालं ते आजवर मला दोघांपैकी कोणीही सांगितलेलं नाही. मी डबा फ्रीजरमधून काढून साध्या फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवला. घाईने सुटलेलं फळ बिघडतं, त्याला रात्रभराचा वेळ द्यावा लागतो. मला झोप आली नाही. उठून दोनदा बघून आले, पाणी सुटतंय का. नव्हतं सुटत.

दोघं आले तेव्हा दुपारचं ऊन फरशीवर आलेलं. घाटात दोघांनाही उलट्या झाल्या होत्या, दोघांचेही चेहरे सारखेच पिवळे. भाऊजी दारात थबकले. डोक्यावर निम्मे केस राहिलेले, तेही पांढरे, पोट सुटलेलं, चष्मा. मला ते वापीला भेटलेले, त्यामुळे ओळखीचे. पण सासूबाई ज्याची वाट बघत होत्या तो सडपातळ होता, काळ्याभोर केसांचा, आणि त्याच्या कोपरापर्यंत आंब्याचा रस आलेला होता. हे माझ्या तेव्हा लक्षात आलं, भाऊजी वाकून पाया पडत असताना.

"सुखी ऱ्हावा," सासूबाई म्हणाल्या. शाल सावरली. "कुठले तुमी?"

नवरा पुढे झाला. "आई, दिलीप आलाय."

"दिलप्या?" त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, झालं, ओळखलं. त्यांनी मान लांब करून भाऊजींच्या मागे दाराकडे बघितलं. "कुठं हाय?"

 भाऊजी जाऊन फरशीवर बसले, बरोबर त्याच जागी, मोरीच्या बाजूला भिंतीला पाठ लावून. नवऱ्याने माझ्या हातातली फोडींची ताटली घेतली, स्वतः नेऊन त्यांच्या पुढ्यात ठेवली. उकिडवा बसला. म्हणाला, "खा."

भाऊजींनी फोड घेतली. खूप वेळ चावत राहिले. आणि माझं मेलं लक्ष कुठे, तर फोड दाताखाली कशी वाजते याच्याकडे. घट्ट राहिली होती. माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला जमलेला आंबा होता तो.

"आई, बघ," नवरा म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला. "इथंच बसून खातोय बघ तो."

"खाऊ दे की," सासूबाई म्हणाल्या. "पाव्हण्याला अजून वाढा. लाजू नका हो, आपलंच घर समजा."

भाऊजी गुडघ्यांवर सरकत त्यांच्याजवळ गेले आणि एक फोड त्यांच्या ओठांशी धरली. सासूबाईंनी हळूच मान वळवली. रागाने नाही, पाहुण्याचं मन मोडू नये अशा बेताने. "नको बाबा. माझं आंब्याचं सुटलंय. पोरगा यायचाय." मग त्यांनी ती फोड भाऊजींच्या बोटांतून घेतली, सवयीने अंगठ्यात धरली, दाबली, आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "राहिलाय गं. लय चांगला राहिलाय. बाकीचा ठेवून दे परत, त्यो आला की लागंल."

एकदा सुटलेलं फळ परत गोठवत नाहीत. त्याचं काही राहत नाही, ना रस, ना घट्टपणा. असलं काम केलं म्हणून मी एकीला कारखान्याच्या हॉलमध्ये सगळ्यांदेखत रडवलं आहे. मी ताटली उचलली, फोडी डब्यात भरल्या, डीप फ्रीजरचं झाकण उघडलं आणि डबा आत ठेवला. नवरा गॅलरीत जाऊन पाठमोरा उभा होता, त्याची पाठ हलत होती.

मी परत आले तेव्हा सासूबाईंनी भाऊजींचा हात हातात घेतला होता आणि रस लागलेली त्यांची बोटं आपल्या पदराने पुसत होत्या, एकेक बोट.

"तुमी आला कुठून म्हणायचं?"

"वापीहून."

"अरे, माझा धाकटा बी तिकडंच असतो," सासूबाई म्हणाल्या. "भेटला तर एवढं सांगा त्याला. म्हणावं, भाऊ बोलला ते मनाला लावून घेऊ नको. आई अजून खायची थांबलीय."

भाऊजींनी चष्मा काढला नाही, हात सोडवून घेतला नाही.

"सांगतो," ते म्हणाले.